बांधावरचा पाला: सुबाभूळ, शेवरी, दशरथ. कापायचं कधी, किती उंचीवर, आणि घालायचं किती?

माळावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

रामराम मंडळी.

माण तालुक्यात दोन एकर कोरडवाहू रान आहे. दहा उस्मानाबादी शेळ्या, त्यांची करडं आणि एक संकरित गाय. बांधावर वडिलांच्या हातची सुबाभूळ आहे, तीनशेच्या आसपास झाडं. ओढ्याच्या कडेला तीन वर्षांपूर्वी मी शेवरीचं बी टाकलं होतं, त्याची चाळीसेक झाडं झाली होती. "होती" असं लिहावं लागतंय, म्हणूनच हा धागा काढतोय.

यंदा पोळ्यापासूनच माळावर गवत नव्हतं. कडबा विकत घ्यायची ऐपत नव्हती. मग बांधावरच्या पाल्यावर दिवस काढले. त्यात माझ्या हातून दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली. ऑक्टोबरात शेवरी कोयत्यानं बुडातून तोडली. उसाचा खोडवा जसा जमिनीलगत तासला की जोमानं फुटतो, तशी ही पण फुटेल असं धरून चाललो. चाळीसातली एकतीस झाडं वाळली. नऊ फुटली, ती पण रोगट.

दुसरी. शेळ्यांना पोळा ते दिवाळी जवळजवळ नुसती सुबाभूळच घातली. आवडीनं खायच्या, पहिला महिना दूध पण वाढलं. नंतर दोघींच्या पाठीवरचे आणि शेपटाकडचे केस पुंजक्यानं हातात यायला लागले. एक शेळी गाभण होती, तिची दोन करडं अशक्त जन्मली, एकाच्या गळ्याशी गाठ होती. ते तिसऱ्या दिवशी गेलं. गावातल्या एकानं खरूज सांगून तीन इंजेक्शनं दिली. पैसे गेले, फरक शून्य.

झाडं वडिलांनी लावली, ती कशी कापायची हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते आता नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं बांधावरचा पाला कापून जनावरं जगवलीत त्यांनी कृपा करून सविस्तर सांगा. उन्हाळा पुढे आहे.

---

ओढ्याकाठची | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५५

लेकरा, शेवरी बुडातून कापत नसतात रे. उसाचं आणि तिचं काय नातं? उसाला जमिनीत डोळं असत्यात. शेवरीचा जीव वरच्या खोडात.

माझं माहेर पानमळ्याचं. वेलाला आधार म्हणून शेवरी, हदगा, पांगारा लावायचे. आमचे अण्णा शेवरी वरनं छाटायचे, वेलाला ऊन पाहिजे तेवढंच मोकळं करायचे, आणि ती छाटणी सांजच्याला शेळ्यांच्या दावणीला. तीच शेवरी तीनचार वर्षं पाला द्यायची. अण्णांचं मोजमाप म्हंजे त्यांची कंबर. कंबरेच्या खाली कोयता लावायचा नाही. आणि समदी फांदी एकदम उतरवायची नाही, एखादी हिरवी फांदी झाडावर राखायची. तिच्यावर झाड तगतं, मग बाकीच्या खोडावर डोळं फुटत्यात. साऱ्याच फांद्या काढल्या की शेवरी रुसती ती कायमची.

कोयता धारदार पाहिजे. बोथट कोयत्यानं खोड फाटतं, फटीत पाणी शिरतं, मग कीड. तिरपा एकच घाव घालायचा.

हदग्याचं आणखी नाजूक. त्याचं मुख्य खोड तोडायचंच नाही, नुसत्या बाजूच्या फांद्या घ्यायच्या. शेंडा मारला की हदगा परत धरंल याचा भरवसा नाही.

आणि ऱ्हायलेल्या नऊ झाडांना आता दोन महिने हात लावू नकोस. बुडाला आळं करून जमलं तर घागरभर पाणी घाल.

---

गुरांचा_वैद्य | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

माळावरचा, करडू गेलं याचं वाईट वाटलं. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला खरूज वाटत नाही. खरजेत जनावर खाजवतं, भिंतीला अंग घासतं, कातडीवर खपल्या येतात. तुमच्या शेळ्यांचे केस पुंजक्यानं जातात आणि खालची कातडी स्वच्छ असेल, खाज नसेल, तर ही सुबाभळीची विषबाधा आहे. तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात कातडीचा खरवड तपासून घ्या, म्हणजे शंका राहणार नाही.

सुबाभळीत मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सगळ्यात जास्त, जून पानात कमी. केस जातात ते त्यामुळे. शेळीच्या मोठ्या पोटात गेल्यावर तिथले जिवाणू मायमोसिन मोडतात, पण त्यातून डीएचपी नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो. तो गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाही. ग्रंथी सुजते. गाभण शेळीच्या पोटातल्या करडावरही तोच परिणाम होतो. करडाच्या गळ्याची गाठ म्हणजे गलगंडच.

याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात गुरं सुबाभूळ खाऊन आजारी पडत, आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला पोटभर खाऊन ठणठणीत राहत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की असं का? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडून पाहिला, आणि ती जनावरंही सुबाभूळ पचवू लागली. डीएचपी मोडणारा जिवाणू त्या द्रवात होता. पुढे त्याला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात आवडलेला शोध हा आहे, कारण तो जनावराकडे नीट बघण्यातून लागला.

पण तुमच्या दावणीतल्या शेळीच्या पोटात तो जिवाणू पुरेसा आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून मर्यादा पाळायची. गाय असो वा शेळी, दिवसभराच्या एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. गाभण शेळीला शेवटच्या दोन महिन्यांत त्याहूनही कमी, किंवा शेवरी घाला. नवीन जनावराला मूठभरापासून सुरुवात करून पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. घोडा, गाढव, डुक्कर, कोंबडी यांच्या बाबतीत तर फारच जपायचं. रवंथ न करणाऱ्यांना हे झेपत नाही. घोड्याची आयाळ आणि शेपूट झडते.

आत्ता काय करायचं: सुबाभूळ पूर्ण बंद करा, तीन आठवडे. आयोडीन असलेलं क्षार मिश्रण सुरू करा. केस परत येतात, घाबरू नका.

---

माळावरचा | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२५

डॉक्टरसाहेब, आक्का, दोघांचेही आभार. कातडी स्वच्छच आहे, खाजही नाही. आज गोठ्यात बसून दोघींना नीट बघितलं. म्हणजे मीच घातलं त्यांना. तीन इंजेक्शनं टोचून घेतली बिचाऱ्यांनी विनाकारण.

एक विचारतो. "तिसरा हिस्सा" हे वजनात कसं धरायचं? माझ्याकडे ताणकाटा आहे. आणि सुबाभूळ बंद केली तर तीन आठवडे प्रथिनाला काय? सरकी पेंडीचा भाव बघून परत आलो.

---

हिशेबी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

भाऊ, ताणकाटा आहे म्हणालात, अर्धं काम झालं. मी सांगोल्याकडचा, पंधरा शेळ्या, सगळं वहीत लिहितो.

तीस किलोची शेळी दिवसाला साधारण एक ते सव्वा किलो कोरडा चारा खाते. म्हणजे चाऱ्यातलं पाणी सोडून. ओला पाला चार किलो घेतला तर त्यात कोरडा ऐवज जेमतेम एक किलो, थोडा जास्तच. म्हणजे शेळीला रोजचा तिसरा हिस्सा म्हणजे दीड किलोच्या आत ओली सुबाभूळ. बाकीचं पोट कडबा, गवत, बाभळीचा पाला, जे असेल त्यानं भरायचं. कडबा नुसता खाल्ला तर त्यातून प्रथिन नगण्य मिळतं. पण त्याच्या जोडीला सुबाभळीचा पाला गेला, ज्याच्या कोरड्या ऐवजात वीस टक्क्यांच्या वर प्रथिन असतं, तर तोच कडबा अंगी लागतो. पाला पेंडीच्या जागी धरायचा, वैरणीच्या जागी नाही. तुमचं तिथं चुकलं.

आता झाडांचा हिशेब. दहा शेळ्या, दीड किलो, म्हणजे रोज १५ किलो. माझ्या बांधावर पाणी मिळालेल्या झाडाला एका कापणीत सव्वा किलोच्या आसपास खाण्याजोगा पाला निघतो. खाण्याजोगा म्हणजे पानं आणि पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंतची काडी, पुढचं जळणाला. रोज बारा झाडं कापावी लागतील. कापलेलं झाड परत तयार व्हायला साठ दिवस धरा. बारा गुणिले साठ, ७२० झाडं. फुटाफुटावर लावली तर एका चौकोनी एकराच्या चारी बाजूंचा बांध, जो साधारण ८३० फूट भरतो, पुरेसा आहे.

तुमच्याकडे तीनशे झाडं आहेत आणि पोळ्यापासून त्यांच्यावरच भागवलंत. म्हणजे झाडं तयार व्हायच्या आतच परत कापली गेली. शेळ्यांना सगळा कोवळा फुटवा मिळाला. डॉक्टरसाहेब म्हणतात विष कोवळ्यातच जास्त. दोन्ही बाजूंनी गोत्यात आलात.

बांधाचे भाग पाडा. मी दगडाला चुना लावून आठ भाग केलेत, एक भाग एक आठवडा. भाग संपल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि मागे वळायचं नाही.

---

दावणीतली | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

हिशेबी दादांच्या हिशेबात एक भर. पाला जमिनीवर टाकला तर तिसरा हिस्सा पायदळी जातो. शेळी तुडवलेलं, मुतलेलं तोंडात घेत नाही. पेंढी बांधून आडव्या वाशाला टांगा, शेळीच्या डोक्याच्या जरा वर. ती मागच्या पायांवर उभी राहून ओढून खाते, तिला तेच आवडतं. करडांसाठी खाली वेगळी लहान पेंढी. मी टांगायला लागल्यापासून रोजचं एक ओझं कमी आणते. डोक्यावरून आणणाऱ्या बाईला एक ओझं कमी म्हणजे काय ते विचारा.

सकाळी दवातला पाला लगेच घालू नका. दुपारी कापून, तासदोन तास सुकत ठेवून संध्याकाळी घाला.

---

रानवाट | २० नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मी शेतकरी नाही, टेकड्यांवर देशी झाडं लावणाऱ्या गटात काम करते. इथे सुबाभूळ लावायचं प्रमाण सांगितलं जातंय म्हणून लिहिते. ही मेक्सिकोकडची झाडं आहेत. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. आमच्या टेकडीवर खालच्या बांधावरून बी आलं आणि आता पाच वर्षं उपटतोय, तरी संपत नाही. ओढ्याकाठी तर दुसरं काही उगवूच देत नाही. तुम्ही लावाल, तुमच्या शेळ्या खातील, पण शेंगा तडकून बी उडेल ते शेजारच्या रानात.

कळकळीनं सांगते, नवीन लावणार असाल तर शेवरी लावा, हदगा लावा. बाभूळ आणि बोर तर आपलीच.

---

पाणलोट | २० नोव्हेंबर, रात्री ९:२०

रानवाट ताई, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी ते तीस वर्षं पाणलोटाच्या कामात पाहिलंय. पण सुबाभूळ आपल्याकडे कशी आली तेही सांगतो, म्हणजे या झाडाबद्दल राग जरा योग्य जागी जाईल.

उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था सुरू केली. संकरित गाई गावोगाव पोचवल्यावर त्यांना दिसलं की गाय आली, पण तिला खायला काय? कोरडवाहू माणसाकडे लसूणघासाला पाणी नव्हतं. मग सत्तरच्या दशकात हवाईकडची उंच, भरपूर पाल्याची सुबाभूळ आणून तिचं बी वाटलं. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात ज्याच्या त्याच्या बांधावर ती होती. १९८८ मध्ये एक बारीक रसशोषक कीड, सायलिड, देशात पोचली आणि शेंडे काळे पडायला लागले. तेव्हा खूप जणांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कापणं थांबलं, आणि न कापलेल्या झाडांनी शेंगा धरल्या. टेकड्यांवर बी गेलं ते तिथून. रोज शेळ्यांसाठी कापल्या जाणाऱ्या बांधावरून फार थोडं बी जातं, कारण फुलाला यायच्या आत तिचा शेंडा दावणीत असतो. म्हणून माझं म्हणणं: जिची कापणी वर्षभर सांभाळता येईल तेवढीच ठेवा. ओढ्याकाठी आणि डोंगरउतारावर बिलकूल नको. माळावरचा, तुमची आहे ती तीनशे पुरे, वाढवू नका.

आता कापणीबद्दल. पहिली कापणी लागवडीनंतर सहा महिन्यांनी असं पत्रकात असतं, झाडाला एकदा शेंग येऊ द्या असंही असतं. बागायतीत सहा महिने ठीक. शेंगेची अट मी पाळत नाही, वरच्याच कारणासाठी. मी खोडाची जाडी बघतो, बुडाशी तीन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्यापेक्षा चांगली जाड. तुमच्यासारख्या कोरडवाहूत तर नवीन झाडाला दोन वर्षं हात लावू नये. त्या दोन वर्षांत मूळ खोल जातं, आणि पुढच्या उन्हाळ्यात माळावर हिरवं दिसतं ते त्या मुळामुळे. जमिनीपासून तीन फूट ठेवून कापा. पावसाळ्यात ४० दिवसांनी, हिवाळ्यात ६०, उन्हाळ्यात पाणी नसेल तर ८० दिवसही लागतात. हिशेबींचे साठ दिवस पाण्याखालचे आहेत, एवढं लक्षात घ्या.

---

हिशेबी | २० नोव्हेंबर, रात्री ९:५०

पाणलोट साहेब, मान्य. माझ्याकडे शेततळं आहे, ते लिहायला हवं होतं. कोरडवाहूत माझा ७२० चा आकडा उन्हाळ्यात टिकणार नाही.

---

तळकोकण | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आमच्याकडे सिंधुदुर्गात गिरिपुष्प. उंदीरमारी म्हणतात तेच. भाताच्या लावणीआधी पाला कापून चिखलात गाडायचा, हा तिचा मुख्य उपयोग. शेळ्या सुरुवातीला तोंड लावत नाहीत, उग्र वास येतो. आमच्या कोकण कन्याळ शेळ्यांना सवय लागायला मला महिना गेला. युक्ती एवढीच की रात्रभर सुकत ठेवायचा, वास बराच उतरतो, मग सकाळी दुसऱ्या पाल्यात मिसळून. सुकत ठेवताना ढीग मात्र करायचा नाही. ढिगात उबतो, बुरशी येते, आणि बुरशी आलेला गिरिपुष्पाचा पाला जनावराचं रक्त पातळ करतो. उंदीर मरतात ते त्यामुळेच. पातळ पसरायचा.

याची आणखी एक गंमत मला उशिरा कळली. ही झाडं थंडीत पानं गाळून गुलाबी फुलावर येतात, नेमका चारा हवा तेव्हा काड्या. पण पाऊस संपता संपता, दिवाळीच्या आगेमागे छाटली तर नवा फुटवा येतो आणि तो उन्हाळ्यात टिकतो. सगळी छाटू नका, काही फुलू द्या, मधमाश्यांना लागतात.

मीटरभर लांबीच्या, मनगटाएवढ्या काठ्या मेच्या शेवटी रोवल्या की कुंपण तयार. माणात चालेल का सांगू शकत नाही, तिथला पाऊस आमच्या एका आठवड्याएवढा.

---

माळावरचा | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चार दिवस सगळं वहीत उतरवून घेतोय. रानवाट ताई, ओढ्याकडेची सुबाभूळ नाही माझी, बांधावरचीच आहे, पण शेंगा धरलेली पंचवीसेक झाडं होती. काल सगळ्या शेंगा उतरवल्या आणि जाळल्या.

शेळ्यांची सुबाभूळ बंद आहे. चुलत्यांकडून मक्याचं सरमाड आणलं, माळावरच्या बाभळींचा पाला आणि पडलेल्या शेंगा देतोय. क्षार मिश्रण सुरू केलं.

---

गुरांचा_वैद्य | २२ नोव्हेंबर, दुपारी २:००

चांगलं केलंत. बाभळीच्या शेंगा दिवसाला दोन मुठीच द्या, तुरटपणा जास्त असतो, पोट आखडतं. थोडा तुरटपणा मात्र फायद्याचा. लसूणघास ओला जास्त खाल्ला की गाय फुगते, सुबाभळीवर फुगत नाही, ते यामुळेच.

---

ओढ्याकाठची | २६ नोव्हेंबर, रात्री ८:१०

माझ्याकडं शेवरीचं बी ऱ्हायलंय, शेरभर असंल. लेकरा, तुला पाहिजे असंल तर निरोप दे. जूनला पाऊस लागला की ओढ्याच्या कडंला टोकून दे. पाणी साचलं तरी शेवरीला चालतं, खारवट रान पण चालतं. बी टणक असतंय, गरम पाण्यात घालून रातभर भिजत ठेव.

---

कोरडवाहू_मुलगी | ३ जानेवारी, रात्री ११:००

धागा उशिरा सापडला. मी धाराशिवकडची, कृषी पदविका झाल्यावर वडिलांबरोबर शेळ्या बघते. दशरथ घासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, शीर्षकात तर नाव आहे!

नावात घास आहे, पण हे झुडूप आहे, सुबाभळीच्याच कुळातलं. पानं तशीच दिसतात, फक्त लहान. आणि मायमोसिनचा त्रास यात नाही. आमच्या बारा गुंठ्यात आहे, विहिरीवर. दीड-दीड फुटावर काकऱ्या मारून बी टाकलं. बियाचं कवच टणक असतं, उकळी यायच्या आधीच उतरवलेल्या पाण्यात पाच मिनिटं, मग गार पाण्यात रात्रभर, तेव्हा कुठे उगवलं. पहिल्या वर्षी मी तसंच टाकलं होतं, दहातलं एक आलं.

पहिली कापणी तीन महिन्यांनी, पुढच्या चाळीस-चाळीस दिवसांनी. दीड फुटावर विळा. वडील म्हणायचे खाली कापलं तर जास्त निघेल. आम्ही एक पट्टा खाली कापला, एक दीड फुटावर. खालचा पट्टा पहिल्या वेळी जास्त भरला, तिसऱ्या कापणीला निम्म्यावर आला आणि मधे गवत घुसलं. उंच कापलेला तिसरं वर्ष चालू आहे. वडिलांनी स्वतः मोजून बघितलं, आता तेच मजुराला "दीड फूट, दीड फूट" करत असतात.

माळावरचा दादा, तुमच्याकडे थोडं पाणी असेल तर पाचच गुंठे करा. गाभण शेळ्यांसाठी.

---

माळावरचा | २४ मार्च, रात्री १०:३०

चार महिन्यांनी लिहितोय.

शेळ्या: दोघींनाही केस आले. आधी बारीक लव, मग संक्रांतीच्या सुमारास पूर्ण. जानेवारीत परत मूठभर सुबाभळीनं सुरुवात केली. आता दिवसाला मोठ्या शेळीला एक किलो, ताणकाट्यावर मोजून. दुसऱ्या दोघी व्याल्या, चार करडं, चारही धडधाकट. जन्मल्याबरोबर गळ्याला हात लावून बघितला, काही नव्हतं.

झाडं: बांधाचे आठ भाग केले, चुना लावून. पाणी नाही म्हणून पाणलोट साहेबांप्रमाणे प्रत्येक भागाला जवळजवळ ऐंशी दिवस देतोय. तीन फुटावर कापतो, एक फांदी राखतो. सुबाभळीला राखायची गरज नाही म्हणतात, पण आक्कांचं ऐकल्यावर माझ्याच्यानं सगळं झाड बोडकं करवत नाही.

ऐंशी दिवसांच्या हिशेबात रोज चारच झाडं येतात. चार झाडांचा पाला दहा शेळ्यांना पुरत नाही. म्हणून डिसेंबरात एक केलं. शेवटचा हिरवा बहर होता तेव्हा शंभर झाडं एकदम उतरवून पाला ताडपत्रीवर वाळवला. दुसऱ्या दिवशी काड्या झटकल्या की पानं आपोआप गळतात. कडक उन्हात पिवळा पडतो म्हणून दुपारी वरून जुनी साडी टाकायचो. चार पोती भरली. आता रोज मापट्यानं मोजून कडब्याच्या कुट्टीवर शिंपडतो. शेळ्या कुट्टी आता शेवटपर्यंत खातात. पोती मेच्या मध्यापर्यंत पुरतील असं दिसतंय.

शेवरी: नऊपैकी सहा जगल्या.

---

हिशेबी | २४ मार्च, रात्री ११:१५

भाऊ, शाब्बास. शंभर किलो ओल्या पाल्याचे पंचवीस-तीस किलो कोरडे राहतात. तुम्हाला दहा शेळ्यांना उन्हाळ्याचे नव्वद दिवस रोज ४०० ग्रॅम धरले तर ३६० किलो कोरडा लागेल, म्हणजे तेराशे किलोच्या आसपास ओला. पुढच्या वर्षी एवढं डोक्यात ठेवून ऑक्टोबरपासूनच वाळवायला लागा, पावसाळ्यातली वाढ वाया जाऊ देऊ नका. पोती जमिनीवर नको, फळीवर. दमट लागलं तर बुरशी.

---

दावणीतली | २५ मार्च, सकाळी ६:२०

माळावरचा दादा, काड्या फेकल्या नाहीत ना? माझी दोन महिन्यांची चूल त्याच्यावर चालते.

---

माळावरचा | २५ मार्च, दुपारी १२:४०

नाही ताई, आईनं सगळ्या मोळ्या बांधून परड्यात लावल्यात.

---

रानवाट | २५ मार्च, संध्याकाळी ५:३०

शेंगा परत धरल्या का? विचारते कारण मला खरंच जाणून घ्यायचं आहे. नियमित कापलेल्या बांधावरून बी जात नाही असं दिसलं तर आमच्या टेकडीखालच्या शेतकऱ्यांशी तेच बोलता येईल. आत्तापर्यंत आम्ही फक्त "तोडा" एवढंच म्हणत आलो, आणि शेळ्या असलेलं कुणी ऐकत नाही.

---

माळावरचा | २६ मार्च, रात्री ९:००

ताई, आठ भागांपैकी सात भागांत एकही शेंग नाही. आठव्या भागाची पाळी लांबली, तिथं अकरा झाडांना हिरव्या शेंगा होत्या. काल त्याच आधी कापल्या. हिरव्या शेंगा शेळ्यांना घातल्या नाहीत, बियांत विष जास्त हे लक्षात होतं.

---

माळावरचा | १९ जून, रात्री ८:४५

आक्का, पाऊस लागला. तुमचं बी मेमध्ये मिळालं होतं, फडक्यात बांधलेलं. परवा गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवलं आणि ओढ्याच्या कडेला दीडशे ठिकाणी टोकलं. कोरडवाहू ताईंच्या सांगण्यावरून विहिरीजवळ पाच गुंठे दशरथ पण टाकलाय.

पोती मेच्या वीस तारखेला संपली. मधले पंचवीस दिवस कडबा विकत घेतला, पण पेंड घेतली नाही.

आज आईला घेऊन बांधावर गेलो होतो. वडील सुबाभूळ कुठून कापायचे ते विचारलं. तिनं छातीच्या जरा खाली हात धरला.

---

ओढ्याकाठची | १९ जून, रात्री ९:३०

दीडशे लई झाली रे, दोन बोटं वर आली की विरळणी कर, हातभर अंतर ठेव. आणि पहिल्या वर्षी शेळ्या तिकडं फिरकू देऊ नकोस, कोवळी शेवरी त्या मुळासकट ओढून खात्यात.